नाट लावायची नळी

१३ जानेवारी

खोका पोचला. कोरडा बर्फ निम्मा उडून गेला होता, पण नळ्या दगडासारख्या गोठलेल्या होत्या, तेव्हा माल शाबूत आहे. सोबतची चिठ्ठीही वाचली. ‘माननीय महोदया, सोबतच्या नमुन्यांवर आमचा प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत करून पाहावा आणि निष्कर्ष थेट संपादकांना कळवावा, ही विनंती.’ खाली तुझी सही. तीन वर्षांनी तुझ्याकडून आलेलं हे पहिलं अक्षर, आणि त्यात मी महोदया! आधी हसू आलं. मग चिठ्ठीची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली.

माझे फोन-मेसेज तू बंद करून ठेवलेयस, आणि ऑफिसच्या मेलवर लिहावं तर तुझे साहेबही वाचणार, म्हणून हा कागद. उत्तर पाठवच असं म्हणत नाही. वाचलंस तरी पुष्कळ.

संपादकांना मी लगेच कळवून टाकलं, की लेखिका आधी माझी विद्यार्थिनी होती, नंतर माझी सून होती, तेव्हा तुम्ही दुसरं कुणीतरी बघा. त्यांचं उत्तर आलं, ‘होती’ म्हणताय तर आमची हरकत नाही. इतकं स्वच्छ वाक्य तुमच्या दोघांच्या वकिलांनाही जमलं नव्हतं.

तुझा लेख वाचला. परत वाचला. पेशीत प्रथिनं बनतात तेव्हा एकेक अमिनो आम्ल वाहून आणायला एकेक वाहक आरएनए असतो, त्याच्यावर ते आम्ल चढवून देणारं एन्झाइम असतं, आणि मॅग्नेशियम असल्याशिवाय ही चढवाचढव होत नाही. मला हे माझ्या सरांनी शिकवलं, तुला मी शिकवलं. आता तू म्हणतेस, मॅग्नेशियम नकोच, नुसतं स्पर्मिन घाला, धातूचा कणही नसलेला पेशीतलाच एक लांबट रेणू, काम भागतं. खरं असेल तर पाठ्यपुस्तकाची पानं बदलावी लागतील, बाई. कुणीतरी शंका काढली, म्हणून संपादकांनी बाहेरच्या प्रयोगशाळेची खात्री मागितली, इथवर समजलं. पण तुम्ही माझंच नाव का सुचवलंत, ते काही कळलं नाही. मी आपली मनातल्या मनात खूश होऊन बसलेय.

तुझी कायमची नेमणूक या लेखावर अडलीय, हे मला भिंगरीकडून कळलं. काल म्हणाली, ‘आजी, आईचा पेपर आला की आम्ही इथेच राहणार. नाही आला तर खोकी आणायची.’ तिच्यावर डाफरू नकोस. मी काही खोदून खोदून विचारलं नव्हतं. थोडंसं विचारलं होतं.

रविवारी तूच फोन लावतेस, तो फळीला टेकवतेस, पोरीला समोर बसवतेस आणि खोलीतून निघून जातेस. तेवढा वेळ मला नात मिळते. तो कोर्टाने दिलेला नाही, तू दिलायस. तू काढून घेतलास तर मी कुणाच्या दारात जाऊन भांडू? एवढं माझ्या डोक्यात आहे, हे तुला माहीत असलेलं बरं. प्रयोग मात्र नेहमीसारखाच करीन.


२८ जानेवारी

झालं बाई तुझ्या मनासारखं. चार वेळा केलं, चारही वेळा झालं.

सगळं मी स्वतःच केलं. इथल्या नव्या साहेबांनी एक पोरगी मदतीला देऊ केली होती, पण म्हटलं नको, उद्या कुणी म्हणायला नको की हात दुसऱ्याचा होता. निवृत्त झाल्यापासून मला शीतखोलीच्या दाराशेजारचं टेबल मिळालंय. तिथे दिवसभर मोटर घुरघुरते आणि दार उघडलं की पायांवर गार झोत येतो. माझा उजवा अंगठा आता पिपेट दाबायला कुरकुर करतो, म्हणून मी डाव्या हाताने दाबायला शिकलेय. पहिले दोन दिवस निम्मं द्रव टेबलालाच पाजलं. तू असतीस तर काय काय बोलली असतीस, ते मीच माझ्या तोंडाने बोलून घेतलं.

नळ्या लावल्या, चढवायचं अमिनो आम्ल म्हणून किरणोत्सारी आयसोल्यूसिन घातलं, ठरल्या वेळी थेंब काढून कागदाच्या चकत्यांवर सोडले, चकत्या थंडगार आम्लात धुतल्या, वाळवल्या आणि मोजणीयंत्रावरच्या आपल्या घड्याळजींकडे नेल्या. अजून तेच आहेत तिथे, अजून कानात कापूस. ‘सूनबाईंचं काम दिसतंय,’ म्हणाले. म्हटलं, माजी. ‘माजी-बिजी असू दे. तुमचे डोळे त्या आकड्यांवरून हलत नाहीत. पोटच्या पोरीचा निकाल असल्यासारख्या बघताय.’ मी त्यांना म्हटलं, तुम्ही आपलं यंत्र बघा.

मॅग्नेशियमही नाही आणि स्पर्मिनही नाही अशा नळीत काहीच नाही. नुसतं स्पर्मिन घातलेल्या नळीत आयसोल्यूसिन भरभर चढलेलं. मॅग्नेशियम घातलेल्या नळीच्या अगदी तोडीस तोड. तुझ्या आलेखावर माझे ठिपके ठेवले तर वेगळे ओळखू येणार नाहीत.

भिंगरीने विचारलं, आजी, तू एवढे दिवस काय करतेयस? तिला म्हटलं, समज एक हमाल आहे. त्याच्या पाठीवर पोतं चढवायचंय. पोतं चढवणारा माणूस वेगळा. पण त्याच्या हातात जोर यायला त्याला मॅग्नेशियम लागतं, नाहीतर पोतं जमिनीवरून उचलतच नाही. तुझी आई म्हणते, मॅग्नेशियम कशाला, दुसरं एक आहे ना, त्याच्यावरही भागतं. पोरीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘पण आजी, त्याने आधीच खिशात थोडं लपवून ठेवलं असेल तर?’ अगं, आठ वर्षांची आहे ती! तुझ्यावर गेलीय की माझ्यावर, यावर आपण कधीतरी भांडू.

तर विचारलं होतं तेवढं झालं. ‘आमच्याकडेही असंच आढळलं’ अशी एक ओळ लिहून पाठवली की तू खूश, तुझे साहेब खूश, भिंगरीची खोकी दुकानातच राहतील. पाठवलेली नाही. नाट लावायची नळी अजून लावायचीय.

या खोलीत कुठल्याही आनंदाच्या बातमीला आधी आपल्याच हाताने नाट लावायची आणि त्यातून वाचली तरच ती दाराबाहेर न्यायची, हे तुला मी काय सांगणार! एक नळी अशी, की जिच्यात आपला दावा खोटा पडायची पूर्ण सोय केलेली. नवीन मुलं तिला कंट्रोल म्हणतात. म्हणोत. मला चमत्कारिक वाटतं ते दुसरंच. तुझ्या लेखात ही नळी कुठेच नाही. तू विसरलीस? तू? नाट न लावता माझ्यापुढे कागद ठेवलेल्या मुलांना तूच परत पाठवायचीस, माझ्यापर्यंत येऊ द्यायची नाहीस. तेव्हा सगळे तुला माझी सासू म्हणायचे, आठवतं का?


१० फेब्रुवारी

लावली.

ईडीटीए घातलं, अगदी चिमूटभर. धातूचा कण दिसला की त्याला घट्ट धरून ठेवायचं, एवढंच त्याला येतं. मॅग्नेशियम नळीत मुळात नसेल, तर ईडीटीएने काहीही फरक पडायला नको. पकडायला कुणी नाहीच, तर पकडणार काय? पण तुझं स्पर्मिनवालं सगळं काम जागच्या जागी थांबलं. चकत्यांवर शून्य. घड्याळजींना वाटलं यंत्र बिघडलं, त्यांनी दोनदा मोजलं. मग त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

तू काय म्हणशील ते मला इथे बसून ऐकू येतंय. ‘ईडीटीए स्पर्मिनलाच धरून बसलं असेल, मॅग्नेशियमचा काय संबंध?’ रास्त शंका आहे. मलाही आली. म्हणून स्पर्मिन आणखी घालून बघितलं, दुप्पट, चौपट. ढिम्म. मग दुसऱ्या नळीत मॅग्नेशियम घातलं, ईडीटीएला पुरून किंचित उरेल एवढंच, आणि गाडी सुरू. ईडीटीएच्या ऐवजी दुसरं धातू धरणारं औषध घेऊन बघितलं, तरी तेच. मी तुझ्या बाजूने जेवढं भांडता येईल तेवढं भांडले. तुझी बाजू घ्यायला तू इथे नव्हतीस, म्हणून दोन्हीकडून मीच भांडले.

म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. मॅग्नेशियम कुठूनतरी येतंय, आणि तुम्ही घातलं नाही म्हणून ते नाही असं धरून चाललाय. आता ते कुठून येतंय एवढं शोधायचंय. पाणी, काच, एन्झाइम, स्पर्मिनची बाटली, सगळं एकेक करून पाहते.

काल भिंगरीला काही सांगितलं नाही. तिने विचारलं, मी म्हटलं अजून चाललंय. ती मला नवीन बूट दाखवत होती आणि तू पलीकडच्या खोलीत कपाटं उघडत होतीस, आवाज येत होता. एकदा वाटलं, ओरडून तुला हाक मारावी. फोन फळीवरून पडला असता आणि पोर घाबरली असती, म्हणून नाही मारली.

या पत्रावर तरी उत्तर दे. विज्ञानाचंच दे. नात्याचं नको.


१९ फेब्रुवारी

सापडलं. पाणी स्वच्छ, काच स्वच्छ, एन्झाइम स्वच्छ. मॅग्नेशियम वाहक आरएनएतच बसलेलं होतं.

तुमचा आरएनए तुम्ही पिशवीत घालून दोन दिवस पाण्यात लोंबकळत ठेवलात, पाणी चार वेळा बदललंत, लेखात तसं लिहिलंय. सुटं मॅग्नेशियम त्याने निघून जातं. पण काही कण त्या रेणूच्या घड्यांत असे दडलेले असतात, की नुसत्या धुण्याने हलत नाहीत. आधी ईडीटीएबरोबर गरम करायला लागतं, तेव्हा घडी उलगडते आणि ते बाहेर पडतात. धातू मोजायच्या यंत्रावर तुमचा नमुना जाळून पाहिला. फार नाही, पण आहे. तसाच दुसरा नमुना गरम करून, नीट धुऊन घेतला, तर त्यात तुझं स्पर्मिन नुसतं बघत बसलं. काहीही चढलं नाही.

आता यातली गंमत ऐक, कारण गंमत आहे. स्पर्मिन रेणूच्या घडीत जाऊन बसतं आणि तिथल्या मॅग्नेशियमला उठवतं. उठवलेलं मॅग्नेशियम जातं एटीपीकडे, म्हणजे पेशीच्या इंधनाकडे, आणि एन्झाइमला जोर येतो तो तिथून. स्पर्मिन रेणूचा आकार सांभाळतं, म्हणून मॅग्नेशियम त्या कामातून सुटतं. त्यामुळे इतकं कमी मॅग्नेशियम असूनही सगळं सुरळीत चालतं. ‘मॅग्नेशियम लागत नाही’ हे खोटं, आणि ‘स्पर्मिन असेल तर फारच थोडं लागतं’ हे मला तरी खरं दिसतंय. हा दुसरा लेख पहिल्यापेक्षा चांगला होईल. पण नेमणुकीआधी होणार नाही, हेही मला कळतं.

चिरंजीव शनिवारी आले होते. लिफ्टच्या कंपनीत तो आता मुख्य झालाय, तरी बिघाड झाला की स्वतःच खड्ड्यात उतरतो, कपडे तसेच काळे. जेवता जेवता त्याला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘आई, त्यांनी जे विचारलं तेवढ्याचं उत्तर दे. जास्तीची नळी तुला कुणी सांगितली होती?’

म्हटलं, तू लिफ्ट तपासताना दोर कुणी विचारला नाही म्हणून दोर बघत नाहीस का?

‘तिथे माणसं मरतात. इथे कोण मरतंय?’ मग ताटाकडे बघत म्हणाला, ‘आणि हे बघ, तिची नोकरी गेली तर ती इकडेच यायची शक्यता आहे. भिंगरी इकडे येईल. मला चालेल ते. पण सगळे म्हणतील, नात जवळ यावी म्हणून म्हातारीने सुनेच्या पोटावर पाय दिला. तीही तेच म्हणेल.’

मी त्याला भात वाढला आणि विषय बदलला. पण तो बोलला ते काही चूक नव्हतं. तू खोकी बांधून इकडे आलीस तर भिंगरी माझ्या हाताशी येईल, हा विचार माझ्या मनाला शिवलाच नाही असं लिहिलं तर तुझ्यासमोर मी खोटी ठरेन. शिवला. आणि तू चिडून फोनच बंद केलास तर पोरगी उरलीसुरलीही जाईल, हाही आला. दोन्ही विचार आले तेव्हा मी चकत्या धूत होते. धुणं थांबवलं नाही.

मी आणखी दहा दिवस थांबते. तोवर तू स्वतः लेख मागे घेतलास, तर माझा अहवाल लागणारच नाही आणि तुझी मान ताठ राहील. तुझ्या साहेबांना सांग, नाट लावून बघितली आणि लागली. त्यात लाज कसली?


१ मार्च

दहा दिवस झाले. तू काही कळवलं नाहीस. आज सकाळी अहवाल पाठवला.

प्रत सोबत जोडलीय, पण ती कोरडी आहे, म्हणून इथे सरळ सांगते. पहिला परिच्छेद, तुमचा प्रयोग जसा सांगितला तसा केल्यास तसाच होतो. दुसरा, ईडीटीए घातल्यास होत नाही. तिसरा, मॅग्नेशियम आरएनएमधून येतं, हे आकडे. चौथा, लेखातला मुख्य दावा टिकत नाही. एकही विशेषण घातलेलं नाही. ‘दुर्दैवाने’ असा एक शब्द लिहिला होता, तोही खोडला.

पाठवायचं बटण दाबलं आणि उगाच टेबल आवरत बसले. नवे साहेब येऊन म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही एवढं सगळं करायची गरज नव्हती. हो किंवा नाही एवढंच हवं होतं.’ म्हटलं, साहेब, नाहीच लिहिलंय. ते बिचारे म्हणाले, ‘अरेरे.’ त्यांना तुझं नेमणुकीचं माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत आहे असं दिसतंय.

तुला राग येईल. यावाच. मला एकदा वाटलं होतं की तू मुद्दाम मला नमुने पाठवलेस, म्हणजे काहीतरी सांधायचं होतं तुला. आता असं वाटतं, की सांधायला आलेल्या माणसाच्या हातावर मी फटका मारलाय. पण दुसरं काय करणार होते, सांग. तुला मी असंच शिकवलं, आणि तुझ्याच बाबतीत वेगळं वागले असते, तर तू मला आतून कधीच मान दिला नसतास. ही समजूत मीच माझी घालतेय, तेही कळतंय.

उद्या रविवार आहे.


३ मार्च

काल फोन आला नाही.

मी ठरल्या वेळेच्या आधीपासून बसले होते. चष्मा पुसला, केस नीट केले, फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवला. मग चहा केला आणि तो निवला. शेजारच्या बाई वाटीभर साखर मागायला आल्या, त्यांना दारातूनच दिली, आत या म्हटलं नाही. मग चिरंजीवांचा फोन आला. मला वाटलं तूच, आणि त्याच्यावरच खेकसले. तो म्हणाला, ‘मी तुला बजावलं होतं.’ हे वाक्य माणसाने कधीच कुणाला म्हणू नये, असा कायदा हवा.

अहवालाबद्दल मला काही परत घ्यायचं नाही. फोन यावा एवढंच वाटतं. या दोन गोष्टी मला एकत्र धरता येत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या ओळींत लिहिल्यात.

पोरीला माझ्याबद्दल काय सांगायचं ते तू ठरव. फक्त आजी आजारी आहे असं सांगू नकोस, ती काळजी करत बसेल.


११ मार्च

परवा तू फोनवर जे बोललीस ते मी रात्री आठवून आठवून परत ऐकलं, आणि अजून सगळं गळी उतरलेलं नाही. त्या फोनवर मी नुसतं ‘बरं, बरं’ म्हणत राहिले, असं तू म्हणशील. माझी बोलती बंद झाली होती. आयुष्यात फार वेळा झालेलं नाही असं, म्हणून तू त्याची मजाही घेतलीस. आता कागदावर बोलते.

पहिलं म्हणजे, पोरीला ताप होता. एवढंच होतं! मी इथे तीन पिढ्यांचं वैर मांडून बसले होते आणि तिकडे तू थर्मामीटर बघत बसली होतीस. आता उतरलाय म्हणालीस, पण पाणी भरपूर देत राहा.

दुसरं. तू नाट लावली होतीस. लेख पाठवायच्याही आधी, पहिल्याच खेपेला. आणि तुझ्या साहेबांनी ती नळी आकृतीतून काढायला लावली, ‘वाचणाऱ्यांचा गोंधळ होईल’ म्हणून. तू दोनदा हटकलंस, तर ते म्हणाले, तुझा हात चुकला असेल, आणि नेमणुकीचं वर्ष आहे हे ध्यानात ठेव. तुझ्या एकटीच्या शब्दाला तिथे काडीची किंमत नव्हती. बाहेरून कुणीतरी म्हणायला हवं होतं. संपादकांनी दुसऱ्या प्रयोगशाळेचं नाव मागितलं, तेव्हा तू माझं पुढे केलंस, आणि साहेबांनी आनंदाने मान डोलावली. कारण त्यांना वाटलं, सासूबाई म्हणजे घरचं माणूस, हो म्हणून मोकळ्या होतील!

‘आणि मी त्यांना म्हटलं, हो सर, त्या मला नाही म्हणणार नाहीत,’ असं तू हसत हसत सांगितलंस. त्यांच्या तोंडावर, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. कमाल आहे तुझी.

मी विचारलं, आणि मी खरंच हो म्हटलं असतं तर?

तू म्हणालीस, ‘तुम्ही? जिवात जीव असेपर्यंत नाही. जगात एवढ्या एका गोष्टीची मला खात्री होती, म्हणून तर तुम्हाला पाठवलं. पत्रांना उत्तरं दिली असती तर साहेबांनी म्हटलं असतं, दोघींनी मिळून ठरवलं. तुमचा शब्द तुमचाच राहायला हवा होता.’ मग म्हणालीस, ‘तुमची पत्रं मिळाली. सगळी. तिकिटं भिंगरीने कापून घेतली.’

ऐकून मला आधी रागच आला. दोन महिने मी इथे तुझी बाजू घेऊन, तुझ्याविरुद्ध जाऊन, माझाच जीव टांगून बसले, आणि तुला शेवट आधीच माहीत होता. मायेने पाठवलंस असं मी समजत होते, आणि तू तर मला हत्यारासारखं वापरलंस. हे बोचलं, लपवत नाही. पण बोचता बोचता हेही कळलं, की तीन वर्षं ज्या बाईशी तू एक शब्द बोलली नाहीस, तिच्या भरवशावर तू स्वतःची नोकरी लावलीस. एवढा भरवसा माझ्यावर माझ्या मुलानेही कधी टाकलेला नाही.

लेख मागे घेतला गेला. नेमणूक गेली. जूननंतर पगार बंद. हे सगळं तू अशा आवाजात सांगितलंस जणू कुणा तिसऱ्याचं आहे. आवाज माझा आहे तो, माझ्याकडून उचललायस, म्हणून मला फसवता येणार नाही.

आता जे मी दोन महिने दडवून ठेवलं ते सांगते. चिरंजीव लग्न करतायत. बाई चांगली आहे, शाळेत गणित शिकवते. ऑगस्टमध्ये आहे. तुला कोण आधी सांगणार यावरून आमची चालढकल चालली होती, आणि मी तर मुद्दामच गप्प बसले, कारण म्हटलं, हे कळलं की तू इकडे यायचा विचारच करणार नाहीस.

तू म्हणालीस, कुठे जायचं अजून ठरलेलं नाही. मी ‘बरं’ म्हटलं. बरं कसलं डोंबलाचं!

इकडे ये. त्याच्या घरी नव्हे, माझ्या. मागची खोली रिकामी आहे, ऊन येतं, शाळा चालत जाण्यासारखी आहे. नव्या साहेबांशी मी बोललेय, पगार बेताचा असेल, टेबल माझ्या शेजारचं असेल, आणि तो दुसरा लेख आपण दोघींनी लिहायचा. तुझं नाव आधी. यावर वाद घालशील तर घाल, पण इथे येऊन घाल.

तुला वाटेल म्हातारीला नात हवी आहे, आणि नातीसाठी सुनेला गळाला लावतेय. चिरंजीवांनाही तेच वाटतंय. म्हणून हे एकदा मोकळेपणी लिहून टाकते. भिंगरी माझी नात आहे, जगाच्या टोकाला गेली तरी नातच राहील, तिला मोठी होऊन मला शोधता येईल. तुझ्या-माझ्यात तसं काहीच उरलेलं नाही. कुठल्याही कागदावर शोधलंस तरी आपण एकमेकींच्या कोणीही नाही. तरी मला घरात तू हवी आहेस. भिंगरी जन्मालाच आली नसती, तरी मी हे पत्र लिहिलं असतं.